बालवाडी 'चांगली' म्हणजे काय, आणि तिचा फायदा चौथी-पाचवीपर्यंत टिकतो का?

प्रश्न असा आहे: कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल पहिल्या पाच वर्षांत चांगल्या पाळणाघरात किंवा बालवाडीत राहिलं, तर पुढे शाळेत त्याच्या वाचनात आणि गणितात फरक दिसतो का? आणि 'चांगलं' ओळखायचं कशावरून?

फरक दिसतो. पण 'बालवाडीत घातलं' एवढ्यावर तो दिसत नाही. तिथली मोठी माणसं दिवसभरात मुलाशी किती आणि कशी बोलतात, यावर बहुतेक सगळं ठरतं. भिंतीवरची चित्रं, खेळण्यांचं कपाट, इमारत यांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय पहिलीच्या वर्गाने मूल जिथे पोचलंय तिथून पुढे शिकवायला घेतलं नाही, तर कमावलेलं दोन-तीन वर्षांत विरतं.

आधी पुरावा पाहू, कारण या विषयात अर्धवट आकडे फार फिरतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवी विकास संस्थेने १९९१ साली १० ठिकाणच्या १,३६४ नवजात बाळांचा पाठपुरावा सुरू केला. त्यांनी स्वतः कुठलीही योजना चालवली नाही. आईवडिलांनी मूल जिथे ठेवलं, आजीकडे, शेजारणीकडे, पाळणाघरात, तिथे जाऊन निरीक्षक बसले. मूल ६, १५, २४, ३६ आणि ५४ महिन्यांचं असताना सांभाळणारी व्यक्ती त्याच्याशी कशी वागते याच्या नोंदी झाल्या. २००९ मध्ये डिअरिंग, मॅकार्टनी आणि टेलर यांनी याच मुलांचे साडेचार ते अकरा वर्षांपर्यंतचे वाचन-गणिताचे गुण तपासले. ज्यांना चांगल्या दर्जाची देखभाल मिळाली होती, त्यांच्यात 'उत्पन्न कमी म्हणून अभ्यासात मागे' हा संबंध सैल पडलेला दिसला. चांगल्या देखभालीमुळे शाळेत जाण्याआधीची तयारी सुधारते आणि त्या तयारीच्या जोरावर पुढचे गुण येतात, असा मार्गही त्यात दिसला.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की जागरूक आईवडीलच चांगलं पाळणाघर निवडतात, मग श्रेय पाळणाघराचं कसं? आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी घरच्या परिस्थितीचे घटक संख्याशास्त्रीय पद्धतीने वेगळे काढले. घराचा वाटा होताच, पण तो वजा केल्यावरही दर्जाचा परिणाम उरला. तरीही कोणतं मूल कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेला हा प्रयोग नव्हे, आणि परिणाम भला मोठाही नाही, हे लक्षात ठेवावं. त्याच मुलांच्या १५ व्या वर्षीच्या तपासणीतही (निष्कर्ष २०१० मध्ये आले) दर्जाची खूण बौद्धिक आणि शालेय गुणांत सापडली. मात्र लहानपणी जितके जास्त तास घराबाहेरच्या देखभालीत गेले, तितकी १५ व्या वर्षी उतावीळपणा आणि धोका पत्करण्याची वृत्ती थोडी जास्त, असंही त्यातच निघालं. दर्जा आणि तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीच्या जिवावर दुसरीकडे काणाडोळा करू नये.

चिठ्ठ्या टाकून केलेले जुने प्रयोग दोन. मिशिगनमधलं पेरी प्रीस्कूल (१९६२ ते १९६७) १२३ मुलांचं: ५८ कार्यक्रमात, ६५ तुलनेसाठी बाहेर. रोज सकाळी अडीच तास वर्ग, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास मुलाच्या घरी. साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका. बुद्ध्यांकातली वाढ आठव्या वर्षाच्या सुमारास पुसली गेली, पण चाळिशीत पाहिलं तर माध्यमिक शाळा पूर्ण केलेले ७७ टक्के विरुद्ध ६० टक्के. दुसरा नॉर्थ कॅरोलिनातला अ‍ॅबेसिडेरियन प्रकल्प. १९७२ पासून १११ बाळं, पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत, पूर्ण दिवस, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे. इथे वाचन-गणितातला फायदा २१ व्या वर्षीही टिकून होता, आणि चार वर्षांच्या महाविद्यालयात गेलेल्यांचं प्रमाण ३६ विरुद्ध १४ टक्के होतं. हे आकडे सांगून कुणी तुम्हाला दोन तासांची, एका ताईमागे तीस मुलांची बालवाडी विकत असेल तर आधी मात्रा विचारा, म्हणजे किती तास आणि किती मुलांमागे एक ताई. औषध तेच, पण गोळी पावच, अशातली ती गत असते.

आता दर्जा. त्याचे दोन भाग आहेत. एक कागदावर मोजता येतो: किती मुलांमागे किती माणसं, गट केवढा, प्रशिक्षण किती. वर सांगितलेल्या १९९१ च्या अभ्यासात व्यावसायिक संघटनांचे जे निकष धरले होते, ते असे: दीड वर्षापर्यंत तीन मुलांमागे एक व्यक्ती आणि गट सहाचा, दोन वर्षांच्या मुलांना चारामागे एक, गट आठचा, तीन वर्षांच्यांना सातामागे एक, गट चौदाचा. बहुतेक ठिकाणी हे परवडत नाही. पण हे आकडे उगीच आलेले नाहीत. एका माणसाकडे दहा रांगती बाळं दिली की त्याचा सगळा वेळ लंगोट, भरवणं आणि रडणं थांबवणं यात जातो. बोलणं राहून जातं, ते कुणाच्या आळसामुळे नव्हे.

दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार: बोलणं, ऐकणं, वेळेवर जवळ घेणं, मुलाच्या उत्तरावर पुढचा प्रश्न. मुलांच्या प्रगतीशी जास्त थेट संबंध याचाच लागतो. संख्या सुधारली की व्यवहाराला जागा मिळते एवढंच. तो आपोआप सुधारत नाही. सहा मुलांमागे एक ताई आहे आणि ती सहाही जणांना भिंतीला टेकवून पाढे म्हणवून घेते, हे दृश्य अजिबात दुर्मीळ नाही.

वर्गातला व्यवहार मोजायला 'क्लास' नावाचं एक साधन बरंच वापरलं जातं. निरीक्षक १ ते ७ गुण देतो, तीन बाजूंना: भावनिक आधार, वर्गाची घडी, आणि शिकवण्याची बाजू. जवळपास सगळीकडे पहिल्या दोन बाजू बऱ्या निघतात आणि तिसरी मार खाते, बहुधा दोन-तीनच्या घरात. कमी उत्पन्नाच्या मुलांवरच्या २०१० च्या एका विश्लेषणात असं दिसलं की शिकवण्याच्या बाजूचा गुण सव्वातीनच्या वर असलेल्या वर्गांत दर्जा आणि भाषा-गणित यांचा संबंध घट्ट होता, खाली तो जेमतेम होता. म्हणजे खराब वर्ग थोडा कमी खराब केला तर हाती फारसं लागत नाही, एक पायरी ओलांडावीच लागते. प्रशिक्षणाचे पैसे सगळीकडे चिमूट-चिमूट वाटण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

साधन नसेल तर घड्याळ, वही आणि दोन तास पुरतात. मुलं येण्याआधी जाऊन कोपऱ्यात बसा. एकच मूल निवडा, शक्यतो गप्प बसणारं, आणि त्याच्यावरच नजर ठेवा. बोलकं मूल निवडलंत तर प्रत्येक वर्ग उत्तम वाटतो. तीन गोष्टी मोजा. मोठ्या माणसाने या मुलाशी, फक्त याच्याशी, किती वेळा बोलणं सुरू केलं? बोलणं सुरू झाल्यावर चेंडू किती वेळा इकडून तिकडे गेला? आणि मूल किती मिनिटं नुसतं वाट पाहत होतं?

तिसरा आकडा बहुतेकांना चकित करतो. हात धुण्याची रांग घ्या. अठरा मुलं, एक नळ, एकेकाला पाऊण मिनिट. शेवटचं मूल तेरा मिनिटं नुसतं उभं. खाण्याआधी, खाल्ल्यावर आणि बाहेरून आल्यावर मिळून तीन रांगा, म्हणजे मागच्या मुलाची अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाट पाहण्यात गेली. उभं राहून कंटाळलेलं मूल पुढच्याला ढकलतं, ताई ओरडते, आणि वर्गाचा सूर तिथेच बिघडतो. उपाय फुकट आहे. एका वेळी चारच मुलांना नळाकडे पाठवायचं, बाकीची आपल्या खेळातच राहतील, आणि मदतनीस नळापाशी उभी राहून त्या चौघांशी बोलेल: 'पाणी गार आहे का? कुणाच्या हाताला जास्त फेस आला? आता फेस कुठे गेला?' हीच तेरा मिनिटं भाषेच्या तासाची होतात.

दुसरा आकडा, चेंडू किती वेळा फिरला, तो पुस्तक वाचताना मोजायला सोपा असतो. नेहमीचं वाचन असं: ताई पुस्तक उंच धरते, वाचते, मध्ये विचारते 'हे काय आहे?', सगळे ओरडतात 'मांजर', ताई म्हणते 'शाब्बास' आणि पान उलटते. एक फेरी, संपलं. याऐवजी चार-पाच मुलांच्या गटात:

'ही मांजर कुठे बसली आहे?'
'झाडावर.'
'हो, उंच झाडावर, फांदीला घट्ट धरून बसली आहे. का बरं धरलं असेल तिने?'
'पडेल ती.'
'पडेल अशी भीती वाटते आहे तिला. मग आता तिला खाली कसं आणायचं?'

ताईने चार कामं केली. विचारलं, उत्तर मान्य केलं, त्यात दोन-तीन शब्द घालून परत दिलं ('उंच', 'फांदीला घट्ट धरून') आणि पुढे 'का' किंवा 'कसं' विचारलं. व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाचा गाभा हाच आहे. तेच पुस्तक आठवड्यात तीन-चारदा वाचायचं. पहिल्यांदा नावं, मग क्रिया, मग कारणं, आणि शेवटी गोष्ट मुलांनी सांगायची. इथे दोन चुका हटकून होतात. प्रश्न विचारून ताई एका सेकंदात स्वतःच उत्तर देते. मनात पाचपर्यंत मोजून थांबायला शिकवावं लागतं. आणि गट मोठा ठेवला जातो. वीस मुलांत हा प्रकार चालत नाही, तिथे दोनच मुलं बोलतात आणि तीच रोज बोलतात.

गणिताकडे बालवाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवले की पालक खूश. म्हणणं आणि मोजणं वेगळं. तपासायचं तर मुलासमोर दहा-बारा ठोकळे ठेवा आणि 'मला पाच दे' म्हणा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल मूठभर ठोकळे हातात देतं, असं सर्रास होतं. 'पाच' हा गाण्यातला एक शब्द नसून पाच वस्तूंच्या ढिगाचं नाव आहे, हे त्याला अजून उमगलेलं नसतं.

इथे एक स्वस्त आणि तपासलेली गोष्ट आहे. रामाणी आणि सीगलर यांनी २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या मुलांवर अंकांच्या सरळ पट्टीचा खेळ वापरून पाहिला. एका ओळीत दहा चौकोन, १ ते १० आकडे, आणि १ किंवा २ दाखवणारी फिरकी. पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, दोन आठवड्यांत. तेवढ्याने लहान-मोठे आकडे ओळखणं, मोजणं आणि आकड्यांची जागा यांत वाढ झाली, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही ती होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्यांना तसा फायदा झाला नाही. पुठ्ठा आणि खडू एवढ्यात हे होतं. पण एक बारकावा चुकला की खेळ वाया जातो. सोंगटी ३ वर आहे आणि फिरकीवर २ आले, तर मुलाने पुढे सरकताना 'चार, पाच' म्हणायचं. बहुतेक ठिकाणी मूल 'एक, दोन' म्हणतं आणि ताईही तेच म्हणते. मग चौकोनातल्या आकड्याकडे कुणी पाहतच नाही, आणि शिकायचं होतं तेच हुकतं. पट्टी गोल किंवा नागमोडी काढू नका, सरळ काढा, लहान आकडा डावीकडे. मोठा आकडा म्हणजे जास्त अंतर, जास्त उड्या, जास्त वेळ, हे सरळ ओळीत हाताला आणि डोळ्याला एकदमच कळतं.

तीन वर्षांच्या मुलाकडून अक्षरं गिरवून घेण्याबद्दल एवढंच: त्या वयात बोटांत तेवढी ताकद नसते, आणि त्यात जाणारा वेळ बोलण्यातून कापला जातो.

माणसं बदलत राहणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं दुखणं आहे. पगार कमी, म्हणून ताई वर्षभरात जाते. दोन वर्षांच्या मुलाचे अर्धवट शब्द तिलाच कळत असतात. नव्या व्यक्तीला ते कळेपर्यंत महिने जातात आणि तोवर मूल बोलणं आवरतं घेतं. म्हणून प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी प्रशिक्षित माणूस टिकेल का, हे पाहावं. त्याच जातीचा दुसरा प्रश्न हजेरीचा. आईवडिलांच्या कामाच्या वेळा बदलत्या असल्या की मूल आठवड्यात तीनच दिवस येतं. नोंदवहीत नाव आहे, पण मात्रा साठ टक्के. पटसंख्या सगळे लिहितात. दर मुलामागे प्रत्यक्ष हजर दिवस लिहायला लावा, चित्र एकदम वेगळं दिसतं.

आता विरण्याबद्दल. हेड स्टार्ट या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीच्या अमेरिकी सरकारी कार्यक्रमाचा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास २००२ मध्ये सुरू झाला. वर्षअखेरीस भाषेत आणि पूर्ववाचनात फायदा दिसला, पहिली संपेपर्यंत बहुतेक गेला, तिसरीतही जवळजवळ काही उरलं नव्हतं. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याच्या बालवाडी योजनेचा २,९९० मुलांवरचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला तो आणखी कडू: सहावीपर्यंत बालवाडीत गेलेली मुलं तुलना गटापेक्षा मागे होती, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. उलट बॉस्टनमध्ये बालवाडीत सोडतीने प्रवेश मिळालेल्यांचे शालेय परीक्षेतले गुण वाढले नाहीत, पण शाळेनंतर लगेच महाविद्यालयात जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्के बिंदूंनी वाढलं. म्हणजे फक्त तिसरीचे गुण पाहून कार्यक्रम मोडीत काढणं घाईचं, आणि फक्त पेरीचा दाखला देऊन छाती फुगवणंही तितकंच घाईचं.

विरतं का? एक, तुलनेतली मुलंही कुठल्या ना कुठल्या केंद्रात जातात, १९६२ मध्ये ती घरीच असत. दोन, दहापर्यंत मोजणं किंवा अक्षरओळख ही अशी कौशल्यं आहेत जी पहिलीत सगळ्यांनाच येतात. पुढे असलेलं मूल फक्त लवकर पोचलेलं असतं. शब्दसंग्रह, ऐकून समजून घेणं, कामावर लक्ष टिकवणं या गोष्टी पहिलीत आपोआप भरून निघत नाहीत. म्हणून बालवाडीचा वेळ त्यांच्यावर घालवला तर जास्त टिकतो, असं माझं मत आहे. तीन, पहिलीची शिक्षिका पुन्हा एकपासून सुरू करते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कुणाला काय येतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. बालवाडीतून प्रत्येक मुलामागे एक पान जावं आणि त्यावर फक्त चार नोंदी असाव्यात: किती वस्तू अचूक मोजून देतं, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगतं का, शब्दातला पहिला आवाज ओळखतं का, आणि कशावर किती वेळ टिकतं. प्रगतिपुस्तकासारखे तारे आणि 'उत्तम' हे शेरे पाठवले तर ती ते बाजूला ठेवते, आणि ठीकच करते.

विस्तार करताना काय होतं हे कॅनडातल्या क्विबेकमध्ये दिसलं. १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर अशी योजना आली, मागणी उसळली, दर्जा मागे राहिला. नंतरच्या अभ्यासांत मुलांमध्ये आक्रमकता आणि चिंता वाढलेली आढळली, आणि केंद्रांची पाहणी झाली तेव्हा बरीचशी जेमतेम दर्जाची निघाली. उलट बाजूचं उदाहरण तामिळनाडूतल्या अंगणवाड्यांचं. तिथे फक्त बालशिक्षण पाहणारी एक अर्धवेळ कार्यकर्ती वाढवली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले असतात याचं माप) एवढी वाढ झाली, आणि जुन्या सेविकेला मोकळा वेळ मिळाल्याने कुपोषणही घटलं. नवी इमारत नाही की महागडं साहित्य नाही, फक्त जास्तीचे दोन हात.

पैसे तुटपुंजे असतील तर माझा क्रम असा राहील: आधी माणूस वाढवणं, मग आहे तो माणूस टिकवणं, मग महिन्यातून दोनदा वर्गात येऊन बसणारी आणि एकाच गोष्टीवर सल्ला देणारी मार्गदर्शक. ही मार्गदर्शक शिबिरापेक्षा कितीतरी उपयोगी, कारण तीन दिवसांच्या शिबिरातलं चौथ्या आठवड्यापर्यंत वर्गात उरत नाही. खेळणी आणि रंगरंगोटी शेवटी. देणगीदाराला नेमका उलटा क्रम आवडतो, कारण रंगाचा फोटो निघतो. त्याला फोटोऐवजी वर सांगितलेल्या गप्प मुलाची वही दाखवा: पहिल्या भेटीत दोन तासांत त्याच्याशी तीनदा बोलणं सुरू झालं होतं, तीन महिन्यांनी किती वेळा झालं.